उत्क्रांतीची व्याख्या : जीवशास्त्रज्ञांची आणि तत्त्वज्ञांची

'उत्क्रांती म्हणजे काय?' हा प्रश्न पदवी परीक्षेत दोन गुणांना विचारला जातो आणि त्याचे उत्तरही ठरून गेले आहे. एखाद्या समूहातील जनुकांच्या वारंवारतेत पिढ्यान्‌पिढ्या होणारा बदल म्हणजे उत्क्रांती. विद्यार्थी हे वाक्य पाठ करतात, लिहितात आणि गुण घेऊन मोकळे होतात. प्रस्तुत लेखकाने प्राणिशास्त्राच्या वर्गात एकदा ही व्याख्या फळ्यावर लिहिली आणि लगेच विचारले, हे तुम्हांला मान्य आहे काय? सर्वांनी मान डोलावली. मग विचारले, माणूस आणि चिंपांझी यांचा पूर्वज एकच होता, हे मान्य आहे काय? अर्धा वर्ग गप्प झाला. एका मुलीने उठून सांगितले, "सर, ते वेगळं. ते व्याख्येत नाही."

तिचे म्हणणे शब्दशः खरे होते. ज्या सिद्धान्ताविषयी जगभर वाद झाले त्याचा गाभाच व्याख्येत नाही. आणि जे व्याख्येत आहे त्याला हरकत घेणारा माणूस शोधून सापडणार नाही. तेव्हा ही व्याख्या आली कोठून, ती कशासाठी चांगली आहे, तत्त्वज्ञांनी तिच्यातील कोणत्या उणिवा दाखविल्या आणि त्या उणिवा दाखविताना त्यांचेही कोठे चुकले, हे एकदा तपासून पाहणे अध्यापकाच्या दृष्टीने आवश्यक वाटते. व्याख्या ही प्रकरणाच्या आरंभीची औपचारिकता आहे असे समजून आपण पुढे जातो. पुढचे सारे प्रकरण कोणत्या प्रश्नाचे उत्तर देणार हे मात्र तेथेच ठरलेले असते.

प्रथम शब्दाकडे पाहू. संस्कृतात 'उत्क्रांती' म्हणजे वर जाणे, बाहेर पडणे. वेदान्तग्रंथांत तर प्राणाने देह सोडून निघून जाणे या अर्थी तो शब्द येतो. मराठीने तो जीवशास्त्रासाठी घेतला तेव्हा 'उत्' मधील वर जाण्याचा अर्थ त्याच्यासोबत आला. उर्दूतील 'इर्तिका' या शब्दाच्या मूळ अरबी धातूचा अर्थही चढणे असाच आहे. हिंदीत आणि कन्नडमध्ये 'विकास' म्हणतात. आपल्या महाविद्यालयांतील पुष्कळ विद्यार्थी यांपैकी दोन तरी शब्द घरून आणि शाळेतून घेऊन येतात, आणि त्या सर्वांतून एकच गोष्ट सूचित होते, ती म्हणजे चढण. शिबली शुमय्यिल यांच्या १९१० च्या अरबी ग्रंथाच्या नावात 'नुशू' म्हणजे उद्भव आणि 'इर्तिका' असे दोन शब्द जोडलेले आहेत. अरबीत आज रूढ असलेला 'ततव्वुर' हा शब्द 'तौर' म्हणजे अवस्था यावरून आला आहे. एका अवस्थेतून दुसरीत जाणे एवढेच तो सांगतो, वर की खाली हे सांगत नाही. मराठीला असा शब्द मिळाला असता तर बरे झाले असते. आपला विद्यार्थी 'माणूस हा सर्वांत उत्क्रांत प्राणी आहे' असे बिनदिक्कत लिहितो आणि उत्तरपत्रिका तपासणारे आपण त्यावर बरोबरची खूण करतो. शिवाय सामाजिक लेखनातील 'क्रांती नव्हे, उत्क्रांती' या जोडीमुळे ती नेहमी संथच असली पाहिजे, हाही एक समज मराठी मनात आधीपासून बसलेला असतो.

इंग्रजी शब्दाचा इतिहास याहून सरळ आहे असे नाही. लॅटिनमधील मूळ अर्थ गुंडाळी उलगडणे. अठराव्या शतकात आल्ब्रेख्त फॉन हालर यांनी १७४४ मध्ये हा शब्द गर्भविज्ञानात वापरला तो पूर्वरचनावादासाठी. गर्भात सूक्ष्म रूपात सर्व अवयव आधीच असतात आणि वाढ म्हणजे त्यांचे केवळ उलगडणे, असे ते मत होते. म्हणजे ज्यात नवे काहीच घडत नाही अशा क्रियेचे हे नाव. डार्विनने १८५९ च्या ग्रंथात हा शब्द टाळला, याचे आश्चर्य वाटू नये. पहिल्या आवृत्तीत 'इव्होल्यूशन' हे नाम नाही. त्याच धातूपासून बनलेले एक क्रियारूप मात्र ग्रंथाचा अगदी शेवटचा शब्द म्हणून येते. नाम शिरले ते १८७२ च्या सहाव्या आवृत्तीत. डार्विनचा स्वतःचा शब्दप्रयोग 'फेरबदलांसह वंशपरंपरा' अशा अर्थाचा होता, आणि तो आजही पुष्कळ व्याख्यांहून सरस वाटतो.

'इव्होल्यूशन' लोकप्रिय केले ते हर्बर्ट स्पेन्सर यांनी. १८६२ च्या त्यांच्या ग्रंथात उत्क्रांती हा विश्वाचाच नियम आहे. सूर्यमाला, प्राणी, समाज, भाषा, सारे काही एकजिनसी व विस्कळीत स्थितीकडून विविधांगी व सुसंबद्ध स्थितीकडे जाते. उत्क्रांतीविषयीचे आजचे जे गैरसमज आपण डार्विनच्या नावावर खपवतो त्यांतील मोठा भाग स्पेन्सर यांचा आहे. त्यांची व्याख्या खरी मानली तर पट्टकृमीचे काय करायचे? त्याच्या पूर्वजांना अन्ननलिका होती, त्याला नाही. अंधाऱ्या गुहांतील माशांचे डोळे गेले. जीवशास्त्रात ही दोन्ही उत्क्रांतीची चांगली उदाहरणे आहेत; स्पेन्सर यांच्या हिशेबी मात्र ती अधोगती ठरते.

या गोंधळातून बाहेर काढणारा सर्वांत उपयोगी भेद रिचर्ड लेवोन्टिन यांनी १९८३ मध्ये मांडला. ते स्वतः जनुकशास्त्रज्ञ होते, पण हे काम तत्त्वज्ञाचे आहे. त्यांच्या मते बदलाचे सिद्धान्त दोन जातींचे असतात. एका जातीत समूहातील प्रत्येक घटक स्वतः बदलतो आणि म्हणून समूह बदलतो. ताऱ्यांच्या उत्क्रांतीविषयी खगोलशास्त्रज्ञ बोलतात तेव्हा त्यांच्या मनात हेच असते. दुसऱ्या जातीत घटक स्वतः बदलत नाहीत. त्यांच्यात आधीपासून असलेल्या भेदांची छाननी होते आणि समूहाची घडण बदलते. लामार्क आणि स्पेन्सर पहिल्या जातीचे, डार्विन दुसऱ्या जातीचा.

वर्गात हा भेद समजावून सांगण्यास हरभरे पुरतात. एक वाटी हरभरे रात्री भिजत घाला. सकाळी सरासरी आकार वाढलेला दिसेल, कारण प्रत्येक दाणा फुगला आहे. आता दुसरे हरभरे मोठ्या भोकांच्या चाळणीने चाळा. चाळणीत उरलेल्यांचा सरासरी आकार वाढलेला असेल, पण एकही दाणा वाढलेला नाही; बारीक दाणे खाली पडले, इतकेच. विद्यार्थ्याच्या मनातली उत्क्रांती बहुधा भिजवलेल्या हरभऱ्यांची असते. जिराफाने मान ताणली, माशाला पाय फुटले, माकड हळूहळू उभे राहिले. डार्विनची उत्क्रांती चाळणीची आहे.

मात्र चाळण्यावर हे संपत नाही. चाळणीत उरलेले दाणे पेरल्यावर पुढचे पीक टपोरे येईल काय? ते दाणे वाणाच्या गुणाने मोठे असतील तर येईल. चांगल्या जमिनीत आणि भरपूर पाण्यावर वाढले म्हणून मोठे असतील तर येणार नाही. बियाणे राखून ठेवणारा कोणताही शेतकरी हे जाणतो. चाळणे म्हणजे निवड. पुढचे पीक बदलणे म्हणजे उत्क्रांती. रोनाल्ड फिशर यांनी १९३० च्या आपल्या ग्रंथाची प्रस्तावना या दोन गोष्टी एक नव्हेत असे बजावूनच सुरू केली, आणि तरीही आपल्या नोट्समध्ये त्या बेधडक एकमेकींच्या जागी वापरल्या जातात. गालापागोस बेटांपैकी डॅफ्नी मेजर या बेटावर १९७७ च्या दुष्काळात मध्यम आकाराचे भूमी-फिंच पक्षी सुमारे ८५ टक्क्यांनी घटले. मोठ्या व कठीण बिया फोडू शकणारे, जाड चोचीचे पक्षी अधिक प्रमाणात वाचले. येथपर्यंत चाळणी झाली. पीटर आणि रोझमेरी ग्रँट यांच्या गटाने चोचीची जाडी आनुवंशिक आहे हे मोजून दाखविले, आणि १९७८ च्या पिलांच्या चोची दुष्काळापूर्वीच्या सरासरीहून जाड निघाल्या, तेव्हा कोठे 'उत्क्रांती झाली' असे म्हणता आले.

आता वारंवारतेच्या व्याख्येकडे वळू. तिची पायाभरणी १९०८ मध्ये झाली. रामानुजन यांना केंब्रिजला बोलावणारे जी. एच. हार्डी आणि जर्मनीतील डॉक्टर विल्हेल्म वाइनबर्ग यांनी स्वतंत्रपणे दाखविले, की निवड, उत्परिवर्तन, स्थलांतर आणि लहान समूहातील योगायोग हे सारे वगळले, तर जनुकाच्या पर्यायी रूपांचे म्हणजे ॲलीलांचे प्रमाण पिढ्यान्‌पिढ्या जसेच्या तसे राहते. आता स्थिर रेषा कळली होती. तिच्यापासून ढळणे मोजता येणार होते. फिशर, राइट आणि हाल्डेन यांनी ते गणित उभारले. (हाल्डेन १९५७ मध्ये कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आले, पुढे भारतीय नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. आपल्या क्रमिक पुस्तकांत याचा उल्लेख क्वचितच आढळतो.) १९३७ मध्ये थिओडोसियस डॉब्झान्स्की यांनी समूहाच्या जनुकीय घडणीतील बदल म्हणजे उत्क्रांती, असे मांडले आणि तेव्हापासून ही व्याख्या पुस्तकांत स्थिरावली.

तिच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. ती मोजता येते. मँचेस्टरजवळ काळा मिरी-पतंग १८४८ मध्ये नोंदला गेला आणि १८९५ पर्यंत तेथील ९८ टक्के पतंग काळे झाले होते. या आकड्यांवरून काळ्यांना किती मोठा लाभ मिळत असला पाहिजे याचा हिशेब हाल्डेन यांनी १९२४ मध्येच मांडला. १९५६ च्या कायद्यानंतर ब्रिटनमधील धूर कमी झाला आणि काळे पतंग पुन्हा घटले. व्याख्येच्या दृष्टीने दोन्ही वेळी उत्क्रांतीच झाली. चढण-उतरणीचा प्रश्नच उरला नाही. तसेच, जे उत्क्रांती नव्हे ते ही व्याख्या बाहेर ठेवते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून नेदरलँड्समधील पुरुषांची सरासरी उंची सुमारे २० सेंटीमीटरने वाढली, ती मुख्यतः आहार व आरोग्यामुळे. ते भिजवलेले हरभरे आहेत. उलट, निवड चालू असूनही उत्क्रांती थांबलेली असू शकते, हेही ती दाखवते. सिकलसेलचे जनुक विदर्भातील आणि नंदुरबारकडील आदिवासी समाजांत आढळते. एकच प्रत असणाऱ्यांना मलेरियापासून संरक्षण मिळते, दोन प्रती असणाऱ्यांना गंभीर आजार होतो. मलेरियाच्या प्रदेशात या दोहोंचा तोल साधला, की प्रमाण स्थिर राहते. प्रत्येक पिढीत मुले दगावत असतात, म्हणजे निवड अत्यंत कठोरपणे चालू असते, पण वारंवारता हलत नाही. फिशर यांचा भेद याहून स्पष्ट कोठे दिसेल?

मग उणीव कोठे आहे? एलियट सोबर या तत्त्वज्ञाने १९९३ च्या आपल्या 'फिलॉसॉफी ऑफ बायॉलॉजी' या पुस्तकात आरंभीच ही व्याख्या तपासली आहे. त्यांच्या आक्षेपांपैकी एक आपल्या उदाहरणाने पाहू. वाटाण्याची ४०० रोपे घ्या. १०० शुद्ध जांभळ्या फुलांची, २०० संमिश्र पण जांभळीच दिसणारी, १०० पांढरी. जांभळ्या व पांढऱ्या ॲलीलांचे प्रमाण निम्मे-निम्मे, चारशेला चारशे. वाटाणा स्वपरागित आहे. सर्वांना सारखीच संतती झाली, तर पुढच्या ४०० रोपांत १५० शुद्ध जांभळी, १०० संमिश्र, १५० पांढरी असतील. पांढरी फुले २५ टक्क्यांवरून ३७.५ टक्क्यांवर गेली; शेताचा रंगच बदलला. ॲलील मोजा, तर पुन्हा चारशेला चारशे! व्याख्येनुसार काहीही घडलेले नाही. यावर जीवशास्त्रज्ञ म्हणतो की जनुकांची नुसती जुळणी बदलली, हिला उत्क्रांती म्हणू नका. तत्त्वज्ञ विचारतो की जुळण्यांना परिणाम असतात, मग त्या व्याख्येबाहेर का ठेवायच्या?

दुसरा आक्षेप अधिक खोलवर जातो. वारंवारता म्हणजे यादीत असलेल्यांची मोजदाद. यादीत नवे नाव कसे येते, याविषयी ती काही बोलत नाही. रिचर्ड लेन्स्की यांनी फेब्रुवारी १९८८ मध्ये अमेरिकेत ई. कोलाय जिवाणूंच्या १२ समूहांवर एक प्रयोग सुरू केला. सुमारे ३१,५०० पिढ्यांनंतर त्यांतील एका समूहात ऑक्सिजनच्या सान्निध्यात सायट्रेट खाऊन जगणारे जिवाणू निर्माण झाले. हे काम २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. एरवी ही जाती ते करू शकत नाही, आणि ती ओळखण्याची ही एक खूणच मानली जाते. पुढे २०१२ मध्ये कळले, की एका जनुकाची दुसरी प्रत तयार झाली आणि ती अशा जागी येऊन पडली, की ऑक्सिजन असतानाही ते जनुक कार्यरत होऊ लागले. शिवाय पूर्वी घडलेल्या काही बदलांखेरीज हे साधले नसते. 'एका ॲलीलाचे प्रमाण शून्यावरून वाढले' असे याचे वर्णन करता येते आणि ते चूक नाही. पण लग्नाच्या वर्णनात जेवणावळीच्या पंगती मोजाव्यात, तशातला हा प्रकार झाला.

हा असंतोष केवळ तत्त्वज्ञांचा आहे असे नव्हे. अर्न्स्ट मायर हे तर आधुनिक संश्लेषणाचे एक शिल्पकार. त्यांनीच या व्याख्येवर सतत टीका केली. उत्क्रांती म्हणजे अनुकूलन आणि विविधता यांतील बदल, असा त्यांचा आग्रह होता. तो आकर्षक आहे. पण अनुकूलनावर भर दिला की मोतू किमुरा यांनी १९६८ मध्ये मांडलेला तटस्थ उत्क्रांतीचा सिद्धान्त अडचणीत सापडतो. रेणूंच्या पातळीवरील बहुतेक बदल जीवाला ना लाभाचे ना तोट्याचे, ते केवळ योगायोगाने पसरतात, असे किमुरा म्हणतात. मग ती उत्क्रांती नव्हे काय? ली व्हॅन व्हेलन यांनी १९७३ मध्ये, परिसराने जीवाच्या वाढीच्या क्रियेवर ठेवलेले नियंत्रण अशा अंगाने उत्क्रांतीकडे पाहता येईल, असे सुचविले. गर्भविज्ञान आणि परिसरविज्ञान एका वाक्यात आणणारी ही कल्पना सुंदर आहे. मात्र तिने मोजायचे काय, हे कोणी सांगितलेले नाही. २०१४ मध्ये 'नेचर' या नियतकालिकाने उत्क्रांतिसिद्धान्ताचा पुनर्विचार हवा काय, या प्रश्नावर दोन गटांची मते शेजारीशेजारी छापली. एका गटाला वाढीची क्रिया, जनुकाबाहेरील वारसा, जीवाने स्वतः घडवलेला परिसर हे सारे मध्यभागी हवे होते. दुसऱ्याचे म्हणणे, हे आम्ही आधीपासून अभ्यासतोच आहोत. तो वाद पुराव्यांचा जितका होता तितकाच व्याख्येच्या सीमारेषेचा होता.

येथे तत्त्वज्ञांविषयीही दोन शब्द स्पष्ट बोलले पाहिजेत. प्रतिउदाहरण शोधून व्याख्या पाडणे हा त्यांचा आवडता उद्योग आहे आणि तो अंगवळणी पडला की संपत नाही. सगळ्या जीवांना, सगळ्या काळांना आणि जमल्यास संस्कृतीला व विज्ञानालाही लागू पडेल अशी एकच अचूक व्याख्या असली पाहिजे, हे त्यांनी गृहीत धरलेले असते. जीवसृष्टी असे काही देणे लागत नाही. या बाबतीत पीटर गॉडफ्री-स्मिथ यांची २००९ ची मांडणी समंजस वाटते. रेघ ओढण्याऐवजी ठळक उदाहरणे मध्ये ठेवावीत आणि बाकीची त्यांच्यापासून किती व कोणत्या बाबतीत दूर आहेत ते सांगावे, असा तिचा आशय आहे. फिंच पक्षी मध्यभागी. स्वपरागित वाटाणे कडेला. भिजवलेले हरभरे बाहेर.

तत्त्वज्ञांची तक्रार पूर्णपणे योग्य ठरली असा एक प्रसंग आहे, आणि तो शिक्षकांच्याच संघटनेत घडला. अमेरिकेतील नॅशनल असोसिएशन ऑफ बायॉलॉजी टीचर्स या संघटनेने १९९५ मध्ये उत्क्रांतीच्या अध्यापनाविषयी एक निवेदन काढले. त्यातील व्याख्येत उत्क्रांतीला जी विशेषणे लावली होती त्यांत ती कोणाच्या देखरेखीविना चालणारी आणि व्यक्तिनिरपेक्ष आहे, असे दोन शब्द होते. धर्मांचे अभ्यासक ह्यूस्टन स्मिथ आणि तत्त्वज्ञ आल्विन प्लँटिंगा यांनी पत्र लिहून हे शब्द वगळण्याची विनंती केली. देखरेख नाही, हे कोणत्या प्रयोगाने सिद्ध झाले, एवढाच त्यांचा प्रश्न होता. संघटनेच्या कार्यकारिणीने ऑक्टोबर १९९७ मध्ये प्रथम नकार दिला आणि नंतर त्याच अधिवेशनात विचार बदलून दोन्ही शब्द काढले. शाळांत उत्क्रांती शिकवली जावी यासाठी आयुष्य वेचलेल्या युजेनी स्कॉट यांनीही या बदलास पाठिंबा दिला. काहींना ही माघार वाटली. प्रस्तुत लेखकास ती माघार वाटत नाही. देखरेख आहे असे म्हणणे जसे जीवशास्त्राचे विधान नव्हे, तसेच नाही असे म्हणणेही नव्हे.

परंतु याच प्रसंगाच्या आधारे कोणी उलट्या टोकाला जाऊ नये. उत्परिवर्तने 'यादृच्छिक' असतात, हे विधान तत्त्वज्ञानाचे नसून तपासून पाहिलेले आहे. त्याचा अर्थ ती कारणाशिवाय घडतात असा नाही. जीवाला गरज आहे म्हणून उपयुक्त उत्परिवर्तन अधिक संख्येने घडत नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे. साल्वाडोर लुरिया आणि मॅक्स डेलब्र्यूक यांनी १९४३ मध्ये दाखविले, की विषाणूला दाद न देणारे जिवाणू विषाणूशी गाठ पडण्यापूर्वीच समूहात तयार झालेले असतात. सोबर यांनीही २०११ च्या एका लेखात हाच भेद जपला आहे. 'गरजेने मार्गदर्शित नाही' हे विज्ञान सांगू शकते. 'कोणत्याही अर्थाने मार्गदर्शित नाही' हे त्याच्या कक्षेत येत नाही. वर्गात विद्यार्थी नेमका या दोहोंमध्ये अडखळतो. त्याला हा भेद सांगितला नाही, तर तो जीवशास्त्राचे पुस्तक आणि घरची श्रद्धा यांतील एक निवडायचे आहे असे समजतो आणि पुस्तक परीक्षेपुरते ठेवतो.

आता त्या मुलीच्या वाक्याकडे परत जाऊ. जनुकांची वारंवारता बदलते, हे नाकारणे अशक्य आहे. प्रत्येक जन्माने आणि मृत्यूने ती बदलतच असते. म्हणून ही व्याख्या घेतली की उत्क्रांती हे निर्विवाद सत्य ठरते. पण हा विजय फार स्वस्त आहे. सर्व सजीव एका वंशवृक्षाच्या फांद्या आहेत, हे डार्विनचे प्रतिपादन व्याख्येने सिद्ध होत नाही. त्याला पुरावा लागतो, आणि पुरावा भरपूर आहे. माणसात ४६ गुणसूत्रे, चिंपांझीत ४८. पूर्वज एक असेल, तर माणसाच्या बाजूने एक जोडी कमी कशी झाली, याचा माग लागला पाहिजे. १९९१ मध्ये मानवाच्या दुसऱ्या गुणसूत्राच्या मध्यभागी, जे क्रम एरवी गुणसूत्रांच्या टोकांना असतात ते समोरासमोर जोडलेल्या स्थितीत सापडले. दोन गुणसूत्रे जुळून एक झाल्याची ही खूण आहे. सुमारे ६० ते ७० लाख वर्षांपूर्वीच्या सामाईक पूर्वजाकडे निर्देश करणारे असे पुरावे शिकवायचे, की वारंवारतेच्या व्याख्येआड तो प्रश्न झाकून ठेवायचा? आपण बहुतेक वेळा दुसरा मार्ग घेतो, कारण त्यात वर्गात कुजबुज होत नाही. टीकाकाराचा मान राखल्यासारखेही ते दिसते. वस्तुतः त्यात त्याची फसवणूक असते. ज्याला तो 'हो' म्हणाला ते त्याला विचारायचेच नव्हते.

हा प्रश्न अलीकडे अधिक निकडीचा झाला आहे. एनसीईआरटीने २०२२ मध्ये अभ्यासक्रम हलका करण्याच्या नावाखाली वगळलेला मजकूर २०२३ च्या दहावीच्या विज्ञान पुस्तकात छापलाच गेला नाही. 'आनुवंशिकता आणि उत्क्रांती' या प्रकरणातील उत्क्रांती गेली आणि केवळ आनुवंशिकता उरली. एप्रिल २०२३ मध्ये १,८०० हून अधिक वैज्ञानिक, शिक्षक व इतरांनी याविरुद्ध खुल्या पत्रावर सह्या केल्या. बारावीच्या जीवशास्त्रातील प्रकरण तेव्हा कायम राहिले, आणि त्यात हार्डी-वाइनबर्ग तत्त्व व ॲलीलांच्या वारंवारतेतील बदल आहेच. परिणाम असा, की त्या पुस्तकांवर शिकलेला जो विद्यार्थी दहावीनंतर जीवशास्त्र सोडतो त्याला हा विषय शाळेत नीट भेटत नाही, आणि जो घेतो त्याची पहिली खरी ओळख समीकरणातून होते. कला व वाणिज्य शाखांतील सहकाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. त्यांच्या वर्गात 'सामाजिक उत्क्रांती' हा शब्द येतो तेव्हा तो बहुधा स्पेन्सरकडूनच आलेला असतो.

माझ्या अंतर्गत चाचणीतून मी तो दोन गुणांचा प्रश्न काढून टाकला आहे. त्याजागी पाच गुणांचा प्रश्न असतो. डॅफ्नी बेटावरील चोची, नेदरलँड्समधील उंची, सिकलसेलचे स्थिर प्रमाण, स्वपरागित वाटाणे आणि मानवाचे दुसरे गुणसूत्र या पाच उदाहरणांपैकी कोणती उत्क्रांती होय, कोणती नव्हे आणि कोणता पुरावा केवळ बदलाचा नसून सामाईक वंशाचा आहे, ते कारणासह लिहा. उंचीबाबत फारसे कोणी चुकत नाही. सिकलसेलपाशी निवड आणि उत्क्रांती यांची गल्लत अजूनही होते. वाटाण्यांच्या बाबतीत पहिल्याच वर्षी वनस्पतिशास्त्राच्या आमच्या सहकारी बाईंचे आणि माझे मत जुळले नाही. त्यांच्या मते जुळणी बदलणे हीसुद्धा समूहाच्या घडणीतील बदलाचीच गोष्ट आहे; मी अजून वारंवारतेच्या बाजूला झुकतो. शेवटी असे ठरले, की दोन्ही उत्तरांना गुण द्यायचे, मात्र ॲलील मोजून दाखविलेले असतील तरच.